घरचा जुना संगणक : नवी कार्यप्रणाली घालावी की नाही?

शेतकरी कुटुंबात नांगर, पाभर, फवारणीपंप आणि विजेची मोटार यांच्या जोडीला आता पुष्कळ ठिकाणी एक संगणकही आढळतो. बहुधा तो मुलांच्या शिक्षणासाठी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला असतो. पुढे त्याच्यावरच सातबाराचा उतारा काढणे, महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरणे, पीकविम्याच्या पावत्या जपून ठेवणे व बँकेचे खाते पाहणे ही कामे होऊ लागतात. अशा संगणकाच्या पडद्यावर एके दिवशी सूचना उमटते की, त्यातील विंडोज जुनी झाली असून तिला यापुढे आधार मिळणार नाही. मग घरात विचार सुरू होतो. दुकानदार नवा संगणक घ्यावयास सांगतो. दुरुस्ती करणारा म्हणतो, “फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो.” घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “चालते आहे ना? मग हात लावू नका.”

या तिन्ही सल्ल्यांत काही ना काही तथ्य आहे. परंतु कोणता सल्ला कोणत्या यंत्रास लागू पडतो हे पाहिल्याविना त्यांपैकी एकही पाळणे हिताचे नाही. विनाकारण नवे यंत्र घेतले, तर खताबियाण्याचा पैसा त्यात अडकतो. उलटपक्षी, आधार संपलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार चालू ठेवले, तर खात्यातील रक्कमच धोक्यात येते. यास्तव हा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा याचे विवेचन येथे केले आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचा कळफलक, पडदा, आतील तबकडी, छपाईयंत्र इत्यादी सर्व भागांकडून काम करवून घेणारा जो मूळ प्रोग्राम असतो, त्यास ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. इतर सर्व प्रोग्राम तिच्या आधारे चालतात. आपल्याकडील घरगुती संगणकांत बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली असते. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या वेळोवेळी निघाल्या व कंपनीने प्रत्येकीचा आधार ठराविक दिवशी थांबविला. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी संपला. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यानंतरची विंडोज ११ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. आज खेड्यापाड्यांतून जो प्रश्न विचारला जातो, तो मुख्यतः विंडोज १० असलेल्या संगणकांविषयीचा आहे.

आधार संपल्याने नेमके काय होते?

आधार संपला म्हणजे संगणक बंद पडतो, ही समजूत चुकीची आहे. तो पूर्वीप्रमाणेच सुरू होतो आणि त्यावरील कामही चालते. थांबते ते एवढेच की, कार्यप्रणालीत नव्याने सापडणारे दोष दुरुस्त करून पाठविण्याचे काम कंपनी बंद करते. असे दोष दर महिन्यास सापडत असतात व ते चोरांनाही कळतात. ज्या घरी दुरुस्ती पोचते, तेथे दोष बुजतो. जेथे ती पोचत नाही, तेथे तो तसाच उघडा राहतो. कुंपणाला पडलेले भगदाड दिसत नाही म्हणून गुरे आत शिरत नाहीत, असे थोडेच आहे!

याचे बोलके उदाहरण मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांत शिरून त्यांतील फाइली कुलूपबंद केल्या व त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या दोषातून हा प्रोग्राम आत शिरत होता, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच, आधार चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी दिली होती. नुकसान झाले ते ती दुरुस्ती न घेतलेल्या संगणकांचे. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, दुरुस्त्या मिळत राहणे हे सुरक्षिततेचे मूळ आहे. दुसरी म्हणजे, नवी कार्यप्रणाली असूनही आलेल्या दुरुस्त्या जो ‘नंतर पाहू’ म्हणून टाळतो, त्याचाही संगणक जुन्याइतकाच उघडा असतो.

येथे एक शंका नेहमी काढली जाते. ती अशी की, विषाणूरोधक प्रोग्राम घातला म्हणजे भागणार नाही काय? विंडोज १० मधील डिफेंडर या विषाणूरोधकास ओळखयाद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील, असे कंपनीने जाहीर केले आहे. ही सोय उपयुक्त आहे खरी, तथापि विषाणूरोधक हा राखणदार आहे. कुंपण दुरुस्त करणे हे त्याचे काम नव्हे.

आधार संपल्यानंतरचा दुसरा परिणाम सावकाश दिसू लागतो. इतर प्रोग्राम तयार करणाऱ्या कंपन्याही हळूहळू जुनी कार्यप्रणाली सोडून देतात. क्रोम या ब्राउझरने विंडोज ७ व ८.१ यांना फेब्रुवारी २०२३ पासून नव्या आवृत्त्या देणे बंद केले. ब्राउझर जुना राहिला की काही दिवसांनी संकेतस्थळे नीट उघडत नाहीत, अर्जाचा शेवटचा दिवस असतो आणि पान पुढे सरकत नाही.

पहिला प्रश्न : या संगणकावर कोणते काम होते?

निर्णयाचा आरंभ यंत्राच्या वयापासून न करता त्याच्या कामापासून करावा. कामाच्या दृष्टीने घरगुती संगणकांचे तीन वर्ग पडतात.

(१) ज्यावर बँकेचे व्यवहार, आधार क्रमांकाशी संबंधित कामे, अनुदानाचे अर्ज किंवा पासवर्ड घालून करावयाची अन्य कामे होतात असे संगणक. यांना चालू आधार असलेली कार्यप्रणाली असलीच पाहिजे. यात सवलत नाही.

(२) जे इंटरनेटला जोडलेले आहेत, पण ज्यांवर केवळ हवामान, बाजारभाव, मुलांचे पाठ किंवा चित्रफिती पाहिल्या जातात असे संगणक. यांचा धोका कमी असला तरी नाहीसा झालेला नाही. घरात एकच वायफाय असेल, तर एका यंत्रातील बाधा त्यातून दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचू शकते. यांचाही बदल करावा. मात्र त्यासाठी मोठा खर्च करण्याचे कारण नाही.

(३) जे इंटरनेटला मुळीच जोडलेले नाहीत व ठराविक एकच काम करतात असे संगणक. यांच्या बाबतीत बदल न करणे हेच पुष्कळदा शहाणपणाचे असते. त्याचा विचार पुढे केला आहे.

दुसरा प्रश्न : यंत्राची कुवत किती?

विंडोज ११ साठी कंपनीने काही किमान अटी घातल्या आहेत. संगणकाचा प्रोसेसर ६४-बिट व निदान दोन गाभ्यांचा असावा, रॅम ४ जीबी व साठवणीची जागा ६४ जीबी असावी, सुरक्षित आरंभाची म्हणजे सिक्युअर बूटची सोय असावी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय यंत्रात असावी. याखेरीज प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीतील असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत, काही मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनचे म्हणजे साधारणतः २०१७ च्या उत्तरार्धानंतरचे प्रोसेसर या यादीत येतात.

ही माहिती पाहणे अवघड नाही. कळफलकावरील विंडोजचे चिन्ह असलेली कळ व ‘आय’ ही कळ एकत्र दाबून सेटिंग्ज उघडावे, ‘सिस्टिम’मध्ये जावे व तळाशी असलेले ‘अबाउट’ पाहावे. तेथे प्रोसेसरचे नाव, रॅम व विंडोजची आवृत्ती लिहिलेली असते. इंटेलच्या आय३, आय५, आय७ या प्रोसेसरांच्या नावातील आडव्या रेघेनंतरच्या अंकावरून पिढी ओळखता येते. ‘आय५-४५७०’ हा चौथ्या पिढीचा, ‘आय३-७१००’ हा सातव्या पिढीचा, ‘आय३-८१००’ हा आठव्या पिढीचा व ‘आय५-१०२१०’ हा दहाव्या पिढीचा होय. एएमडी कंपनीचा प्रोसेसर असल्यास अथवा काही शंका असल्यास मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा विनामूल्य प्रोग्राम चालवून त्याचा निर्णय प्रमाण मानावा.

टीपीएम नाही असे उत्तर आल्यास लगेच निराश होऊ नये. पुष्कळ यंत्रांत ही सोय असते, पण बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोसमध्ये ती इंटेलच्या यंत्रात ‘पीटीटी’ व एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावाने आढळते. मात्र तेथे बदल करण्यापूर्वी तबकडीवर बिटलॉकरचे कुलूप आहे काय, हे पाहावे. असल्यास त्याची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. ती नसताना संगणकाने ती मागितली, तर सर्व फाइली आतच अडकून पडतात.

निर्णयाचे पाच मार्ग

(अ) विंडोज ११ घेणे. यंत्र वरील अटींत बसत असेल व विंडोज १० परवान्याची असेल, तर ही बढती विनामूल्य मिळते आणि हाच सर्वांत सोपा मार्ग होय. सेटिंग्जमधील अपडेटच्या पानावरून ती घेतल्यास फाइली व प्रोग्राम जागच्या जागी राहतात. नवी आवृत्ती मानवली नाही, तर पहिल्या दहा दिवसांत मागील आवृत्तीकडे परत जाण्याची सोयही असते. ४ जीबी रॅम ही केवळ किमान अट आहे. प्रत्यक्षात तेवढ्या रॅमवर काम रखडते. रॅम ८ जीबी करावी व जुन्या फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसवावी. यंत्राच्या वेगात जो फरक पडतो तो मुख्यतः या दोन बदलांमुळे पडतो, कार्यप्रणालीमुळे नव्हे.

यंत्र अटींत बसत नसतानाही काही आडवाटांनी त्यात विंडोज ११ घालून देणारे लोक भेटतात. तसे करता येते. परंतु अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. दुरुस्त्यांसाठीच आपण हा खटाटोप करणार असू, तर त्यांचीच हमी नसलेला मार्ग धरण्यात अर्थ नाही. परवान्याविना टाकून दिलेल्या विंडोजविषयीही हेच म्हणावे लागेल. तिचे कुलूप तोडण्यासाठी वापरलेल्या प्रोग्रामातूनच अनेकदा बाधा घरात येते.

(आ) विंडोज १० साठी वाढीव मुदत घेणे. घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना जाहीर केली व तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. त्यासाठी संगणकात विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी व मायक्रोसॉफ्टचे खाते असावे. सेटिंग्जची प्रत कंपनीकडे साठविण्याची सोय चालू केल्यास, अथवा कंपनीचे १००० बक्षीसगुण खर्च केल्यास, पैसे पडत नाहीत. अन्यथा ३० डॉलर किंवा तितक्या किमतीची स्थानिक चलनातील रक्कम एकदा भरावी लागते. कार्यालयांच्या व संस्थांच्या संगणकांचे नियम वेगळे आहेत. हा मार्ग म्हणजे निर्णय पुढे ढकलणे होय. पुढील हंगामाचा पैसा हाती येईपर्यंत थांबावयाचे असेल तेव्हा तो योग्य. कायमचा तोडगा म्हणून नव्हे.

(इ) लिनक्स घालणे. लिनक्स ही विनामूल्य व खुली कार्यप्रणाली असून तिचे उबुंटू, लिनक्स मिंट असे अनेक प्रकार आहेत. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम व २० जीबी जागा पुरते. ४ जीबी रॅम असल्यास काम सुखाने होते. त्यामुळे चौथ्या-पाचव्या पिढीचे जे संगणक विंडोज ११ ने नाकारले, त्यांपैकी पुष्कळ यंत्रे लिनक्सवर आणखी काही वर्षे सुरक्षितपणे चालू शकतात. उबुंटू २४.०४ व तिच्यावर आधारलेल्या लिनक्स मिंट २२ यांना २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. ब्राउझर, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, चित्रफिती ही सर्व कामे तीवर होतात. विशेष सोय अशी की, ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती उतरवून घेऊन, आतील तबकडीस धक्का न लावता, संगणक तिच्यावर चालवून पाहता येतो. छपाईयंत्र, वायफाय, आवाज हे सर्व नीट चालते असे दिसल्यावरच ती कायमची बसवावी. मात्र विंडोजसाठीच तयार केलेले प्रोग्राम तीवर बहुधा चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा बोटाचा ठसा घेणारे यंत्र वापरले जात असेल, तर ते लिनक्सवर चालते किंवा कसे याची विचारणा त्याच्या उत्पादकाकडे अगोदर करावी.

(ई) आहे तसाच ठेवणे. वर सांगितलेल्या तिसऱ्या वर्गातील संगणकांना हा मार्ग लागू पडतो. उदाहरणार्थ, दूध संकलन केंद्रावरील एखादा संगणक घ्या. त्यास विजेचा काटा व फॅट मोजण्याचे यंत्र जोडलेले असते, त्यातील प्रोग्राम जुन्या विंडोजसाठी लिहिलेला असतो आणि तो लिहिणारा माणूस आता उपलब्ध असतोच असे नाही. अशा यंत्रात नवी कार्यप्रणाली घातली व काट्याशी होणारी जोडणी तुटली, तर सकाळच्या पाळीस दूध घेऊन आलेल्या उत्पादकांचे माप आणि हिशेब दोन्ही अडतात. तेव्हा तो संगणक तसाच ठेवावा. परंतु त्याची इंटरनेटची जोडणी खरोखरच काढून टाकावी, त्यावर बँकेचे वा ईमेलचे काम करू नये, बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये आणि हिशेबाची प्रत दर आठवड्यास दुसरीकडे काढून ठेवावी. जेथे हाच संगणक संघाकडे इंटरनेटवरून आकडे पाठवितो, तेथे तो या वर्गात मोडत नाही. अशा ठिकाणी संघाशी बोलून प्रोग्राम व संगणक दोन्ही एकदमच बदलण्याची योजना आखावी.

(उ) नवा अथवा वापरलेला दुसरा संगणक घेणे. जुन्या यंत्रात रॅम, एसएसडी, बॅटरी इत्यादींवर होणारा खर्च वापरलेल्या चांगल्या संगणकाच्या निम्म्या किमतीच्या पुढे जात असेल, तर दुरुस्तीच्या मागे लागू नये, असे आमचे मत आहे. वापरलेला घेताना प्रोसेसर आठव्या पिढीचा वा पुढील आहे, हे स्वतः पाहून घ्यावे. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील तबकडी काढून ठेवावी किंवा पूर्ण पुसावी. फाइली नुसत्या कचरापेटीत टाकल्याने त्या नाहीशा होत नाहीत.

मराठी मजकुराविषयी सूचना

एक बाब सहसा आधी कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या काळी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या खास फॉन्टमध्ये टंकलिखित केला जाई. असा फॉन्ट नव्या कार्यप्रणालीत नसेल, तर सोसायटीचे ठराव, जुने अर्ज, वाटणीपत्रांचे मसुदे उघडल्यावर मराठी अक्षरांऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. म्हणून बदलापूर्वी त्या फॉन्टच्या फाइलींची प्रत काढावी व महत्त्वाचे कागद युनिकोड मराठीत रूपांतरित करावेत अथवा निदान पीडीएफ करून ठेवावेत. युनिकोड मजकूर विंडोज, लिनक्स व मोबाइल या सर्वांवर सारखाच दिसतो आणि इनस्क्रिप्ट कळफलकाची सोय विंडोज व लिनक्स दोहोंतही असते. पुढील सर्व लेखन युनिकोडमध्येच करण्याचा प्रघात पाडावा.

बदलापूर्वीची तयारी

मार्ग कोणताही निवडला, तरी पुढील तयारी झाल्यावाचून कामास हात घालू नये.

(१) छायाचित्रे, सातबारा व फेरफाराच्या प्रती, विम्याच्या पावत्या, हिशेब या सर्वांची प्रत बाहेरील तबकडीवर घ्यावी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

(२) ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड वहीत उतरवून घ्यावेत व वही घरातील कागदपत्रांबरोबर कुलपात ठेवावी.

(३) छपाईयंत्र व इतर जोडयंत्रांचे ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी मिळतात की नाही, हे आधी पाहावे.

(४) काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावयाचे असल्यास ‘फॉरमॅट’ या शब्दाचा अर्थ ध्यानात असावा. त्यात तबकडीवरील सर्व काही पुसले जाते. प्रत हाती आल्याशिवाय संगणक दुकानात सोडू नये.

(५) अर्जाची शेवटची तारीख, परीक्षा किंवा मालविक्रीचा आठवडा टाळून निवांत दिवस निवडावा. वीज अधूनमधून जात असल्यास यूपीएस नसलेल्या संगणकावर हे काम सुरू करू नये. काम अर्धवट असता वीज गेली, तर संगणक सुरूच न होण्याचा संभव असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील संगणकांची एक साधी यादी करावी. तीत यंत्र कोणाचे, त्यावर कोणते काम होते, विंडोजची आवृत्ती कोणती, प्रोसेसरची पिढी व रॅम किती आणि शेवटची प्रत केव्हा घेतली, एवढे रकाने पुरेत. यादी होताच पहिल्या वर्गातील संगणकांकडे प्रथम लक्ष द्यावे. लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह तयार ठेवला, तर कोणत्याही घरी जाऊन तासाभरात तो चालवून दाखविता येईल. शेतावरील प्रात्यक्षिकाप्रमाणे येथेही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट लवकर पटते. कोणास अमुकच दुकानातून खरेदी करा, असे मात्र सुचवू नये.

सारांश, संगणक जुना झाला एवढ्यावरून तो बदलू नये आणि तो चालतो आहे एवढ्यावरून निर्धास्तही राहू नये. त्यावर पैशाचे वा पासवर्डचे काम होत असेल, तर चालू आधाराची कार्यप्रणाली त्यात असावी. यंत्र पेलत असेल तर विंडोज ११, पेलत नसेल तर लिनक्स, आणि दोन्ही जमत नसेल तर ते काम दुसऱ्या सुरक्षित यंत्रावर न्यावे. हा विचार घरातील सर्वांनी एकत्र बसून करावा. जुन्या फाइली कोणाला व कशासाठी लागतात, हे अनेकदा घरातील स्त्रियांना व मुलांनाच अधिक ठाऊक असते. तत्पूर्वी, निर्णय कोणताही होवो, आजच सर्व कागदपत्रांची एक प्रत काढून ठेवावी, अशी वाचकांस आग्रहाची सूचना आहे.